पंपावरच्या दारूचा फॉरवर्ड आणि कलम १७६

"जागे व्हा! आपल्या शाळेजवळच्या पेट्रोल पंपाला कौन्सिलने गुपचूप दारूचं लायसन्स दिलं. इंग्लंडच्या कायद्यात पंपावर दारू विकायला सक्त मनाई आहे, तरी दिलं! शाळेपासून १०० मीटरच्या आत, चोवीस तास विक्री! एक ठिणगी पडली की पेट्रोल आणि दारू मिळून सगळी वस्ती उडेल. गाडीवाले तिथेच पिऊन निघतील. चालवणारे कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहेच. हजार सह्या झाल्या की लायसन्स रद्द होतं. जास्तीत जास्त शेअर करा."

पश्चिम लंडनमधल्या आमच्या मराठी ग्रुपांवर हे सध्या फिरतंय. (कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका.) मी गप्पच बसणार होतो. पण फिरत फिरत ते सांगलीला आईच्या फोनवर पोचलं आणि तिचा फोन आला, "अरे, तुमच्याकडं पेट्रोल भरायला गेलं की दारू पण देतात म्हणे? पोराला त्या रस्त्यानं शाळेत पाठवू नकोस बाबा." तिची समजूत घालता घालता माझा चहा गार झाला. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. यापुढे कोणी पाठवलं की हेच चिकटवणार.

आधी तो स्फोट. बिअरमध्ये अल्कोहोल चार-पाच टक्के, वाईनमध्ये बारा-तेरा टक्के. त्यावर पेटती काडी धरलीत तर काडी विझते. व्हिस्की ४० टक्क्यांची, तिची वाफ पेट घ्यायला साधारण २६ अंश तापमान लागतं, आणि तीही बूच लावलेल्या बाटलीत बंद असते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेटते. म्हणजे त्या आवारात धोका कशाचा असेल तर तो जमिनीखालच्या टाकीत कित्येक वर्षांपासून आहेच, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. शिवाय हे लिहिणाऱ्याने त्या दुकानाच्या दारात कधी उभं राहून पाहिलंय का? दाराच्या डाव्या हाताला कुलूपबंद जाळीत गॅसची सिलिंडरं रचलेली आहेत. आत खालच्या फळीवर काच धुवायचं निळं पाणी आहे, त्यात अल्कोहोल असतं. त्याच्या शेजारी बर्फ वितळवायचे स्प्रे, आगीचं चिन्ह छापलेले. उन्हाळ्यात बार्बेक्यूचा कोळसा आणि तो पेटवायचं तेल. हे सगळं वर्षानुवर्षं तिथे आहे, आणि त्यावर आजवर एकही "जागे व्हा" आलेलं नाही. वस्ती उडणार ती म्हणे शार्दोने वाईनच्या बाटलीने!

आता मनाईचा मुद्दा. याच्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावंच लागेल, नाइलाजाने. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टमध्ये कलम १७६ आहे. मोटरवेवरच्या सर्व्हिस एरियात आणि ज्या जागेचा 'मुख्य वापर' गॅरेज म्हणून होतो तिथे दारू विकता येत नाही, असं ते सांगतं. गॅरेज म्हणजे पेट्रोल-डिझेलची विक्री, गाड्यांची विक्री किंवा दुरुस्ती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा इथपर्यंत वाचलं आणि पुढे 'मुख्य' हा शब्द गिळला. सगळं अडलंय ते त्याच शब्दावर.

मुख्य वापर ठरवायचा कसा? पैशावरून नाही. पैसा धरला तर एक टाकी पेट्रोल आणि दोन पिशव्या दूध यांची बरोबरीच होणार नाही, कुठलाही पंप पंपच ठरेल. कोर्टांनी धरलेली कसोटी आहे ती लोक ती जागा कशासाठी किती वापरतात याची. किती जण नुसतं इंधन भरून गेले, किती जण नुसते दुकानात येऊन गेले, किती जणांनी दोन्ही केलं, हा काउंटरवरच्या मशीनचा हिशेब कौन्सिल मागतं. मागायचा अधिकार त्यांना आहे का, यावरही भांडण झालं होतं. २०१० मध्ये मर्को पेट्रोलियम विरुद्ध ब्रिस्टल सिटी कौन्सिल या खटल्यात हायकोर्टाने सांगितलं की कौन्सिल ही माहिती मागू शकतं आणि ती येईपर्यंत सुनावणी थांबवूही शकतं. म्हणजे प्रत्येक पंपाचं उत्तर वेगळं. हायवेच्या कडेला एकटा उभा असलेला पंप या कसोटीत नापास होईल, आणि व्हायलाही हवा. आमचा वस्तीतला आहे. सकाळी सातला तिथे पाहा: ब्रेड, दूध, कॉफीचं मशीन, पार्सलचे लॉकर, बाळाचे डायपर. निम्म्या लोकांच्या हातात गाडीची किल्लीही नसते, चालत आलेले असतात. ग्रुपवर आज संतापलेल्यांपैकी कितीतरी जण रविवारी कोथिंबीर संपली की तिथेच धावतात. त्या दुकानाने आपला हिशेब दिला, तो निर्णयाच्या कागदांना जोडलेला आहे, कौन्सिलच्या साइटवर कोणालाही वाचता येतो. त्यात खोट सापडली तर जरूर बोला. पण "कायद्यात मनाई, तरी दिलं" हे धादांत खोटं आहे. हे कलम आपल्या जागेला लागू होत नाही असं ठरलं म्हणूनच लायसन्स मिळालं.

'गुपचूप' म्हणे. अर्ज केल्यावर २८ दिवस फिकट निळ्या कागदावरची नोटीस त्या जागेवर लावावी लागते, स्थानिक पेपरात जाहिरात द्यावी लागते, कौन्सिलच्या साइटवरही ते येतं. तरी इथे मला तक्रार करणाऱ्यांची बाजू थोडी पटते. ती निळी नोटीस टायरात हवा भरायच्या मशीनमागच्या कुंपणावर, गुडघ्याच्या जरा वर लावलेली होती, आणि स्थानिक पेपर आता कोण घेतं? कायद्याचं पालन झालं, लोकांना कळलं मात्र नाही. घरोघरी पत्र टाकायची सक्ती असती तर बरं झालं असतं. पण ती कायद्यातली उणीव आहे. कोणी अंधारात कारस्थान केलेलं नाही.

१०० मीटरचा नियम इथे नाहीच. हे मीटरचं गणित आपण डोक्यात घालून इकडे आलोय. तिकडे भारतात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये दारूची दुकानं हायवेपासून ५०० मीटर लांब ठेवायला सांगितली, पुढे २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० केलं, तेव्हा टेप घेऊन धावाधाव झाली ती सगळ्यांना आठवते. इंग्लंडचा कायदा अंतर मोजत नाही, चार गोष्टी पाहतो: गुन्हे आणि गोंधळ रोखणं, लोकांची सुरक्षितता, उपद्रव टाळणं, मुलांना अपाय होऊ न देणं. शाळा जवळ आहे हे चौथ्यात मांडता येतं, आणि कोणीतरी मांडलंही असावं, कारण अटी तशा आहेत: पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र, नकार दिल्याची नोंदवही, कॅमेरे, कडक बिअरचे सुटे कॅन नाहीत.

चोवीस तास पंप उघडा आहे. दारू सकाळी ७ ते रात्री ११. निर्णयाच्या पहिल्याच पानावर आहे.

'तिथेच पिऊन निघतील' याचं उत्तर छोटं आहे. लायसन्स बंद बाटली बाहेर नेण्याचं आहे, प्यायचं नाही. बाटली घेऊन गाडीत बसणं धोक्याचं म्हणायचं तर मोठ्या सुपरमार्केटचं काय? तिथे दारूची अख्खी रांग असते, बाहेर शेकडो गाड्यांचं पार्किंग, आणि कोपऱ्यात त्यांचाच पेट्रोल पंप. पिऊन गाडी चालवण्याची खरंच काळजी असेल तर मुद्दा दुसरा आहे. भारतात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ५० वर आणली, इंग्लंडमध्ये मात्र ८०. त्यावर आपल्या खासदाराला पत्र लिहा, मी पण सही करतो.

आणि ते "चालवणारे कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहेच". हे वाक्य कोणत्या कायद्यात बसतं? रात्रपाळीला काउंटरवर जो पोरगा असतो तो शिकायला आलेला आहे, आपल्यापैकी अनेक जण असेच आले होते. परवा त्याला कोणीतरी खिडकीतून "मुलांना दारू पाजणारे" म्हणून गेलं. तोवर दुकानात एक बाटलीही आलेली नव्हती. अठराच्या आतल्याला दारू विकली तर विकणाऱ्यावर खटला होतो, दुकानाचं लायसन्स धोक्यात येतं. तो कार्ड बघितल्याशिवाय सिगारेटही देत नाही, माझ्या भाच्याला विचारा.

राहता राहिल्या हजार सह्या. महाराष्ट्रात आडवी बाटली निवडून आणणाऱ्या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथे निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. इथे मतदान नाही, सह्यांचा आकडा मोजून लायसन्स जात नाही. अपील आहे, पण ते ज्यांनी त्या २८ दिवसांत लेखी हरकत घेतली त्यांनाच करता येतं, तेही निर्णय कळल्यापासून २१ दिवसांत, मॅजिस्ट्रेट कोर्टात. बाकीच्यांना रिव्ह्यूचा, म्हणजे दिलेलं लायसन्स कौन्सिलला पुन्हा तपासायला लावायचा, रस्ता कायम मोकळा आहे. विक्री सुरू झाल्यावर खरोखर त्रास झाला तर कोणीही रहिवासी तो मागू शकतो, त्याला फी नाही, आणि लायसन्स काढून घेण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. फक्त त्या चार गोष्टींपैकी एकीला धरून पुरावा लागतो. तेव्हा ज्या काकांनी सह्यांचा तक्ता बनवलाय त्यांना एक विनंती: नाव आणि सहीच्या पुढे आणखी दोन रकाने आखा. एकात तारीख-वेळ, दुसऱ्यात स्वतः काय पाहिलं ते.