अधिकारपत्रावर मत? प्राध्यापकांच्या निवडणुकीत अशी सोय नाही

महाविद्यालय विकास समितीची निवडणूक जवळ आली की प्राध्यापकांच्या गटांवर एक मजकूर फिरू लागतो. आशय असा: मतदानाच्या दिवशी रजेवर असाल तर सही केलेलं अधिकारपत्र सहकाऱ्याकडे द्या, कंपन्यांच्या सभेत चालतं तसं इथेही चालतं, विभागप्रमुख अख्ख्या विभागाच्या वतीने मत देऊ शकतो, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं म्हणणंही यातूनच मोजलं जातं. तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि पहिला घातक आहे.

कंपनीचा दाखला आधी घेऊ. भागधारकाला प्रतिनिधी नेमता येतो, कारण कंपनी कायदा, २०१३च्या कलम १०५मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. तरीही त्या प्रतिनिधीला सभेत बोलता येत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत तर संचालकाला असं अधिकारपत्र देऊन मत टाकताच येत नाही. कायद्यात किंवा नियमांत तरतूद नसेल तर मत ज्याचं त्यानेच द्यायचं, हे इंग्लंडच्या न्यायालयाने १८८३ सालीच सांगून ठेवलं आहे. आता आपला कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६चं कलम ९७ सांगतं की पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातूनच तीन पूर्णवेळ शिक्षक निवडायचे, त्यांत किमान एक महिला. दुसऱ्याच्या हाती मत सोपवायची मुभा त्यात नाही.

आणि ती नसावीच. परिविक्षाधीन सहायक प्राध्यापक स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलेला असतो. प्राचार्यांच्या मर्जीतला कुणी ज्येष्ठ येऊन कागद पुढे सरकवतो, "फक्त सही करा सर, बाकी मी बघतो." त्याच्या कायम होण्याचा शेरा ज्यांच्या हातात, त्यांच्याच माणसाला तो नाही म्हणेल? कॅसची, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेची, फाइल अडकलेली बाईही नकार देणार नाही. मतपत्रिका स्वतः भरून पेटीत टाकायची असेल तर निदान त्या क्षणी तरी त्यांच्या खांद्यावरून कुणी डोकावत नाही. समिती अंदाजपत्रक तयार करते, नवे अभ्यासक्रम आणि वाढीव पदं यांची शिफारस करते. तिथे कोण बसतं याने फरक पडतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) दहा शिक्षक निवडले जातात, तिथे तर पसंतीक्रम भरायचा असतो. पहिली पसंती तुम्ही सांगाल, पण दुसरी-तिसरी भरणारा हात त्या सहकाऱ्याचा!

विभागप्रमुखाबाबतचा गोंधळ विद्यापीठात विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळामुळे झालेला दिसतो. तिथे संलग्न महाविद्यालयांचे विभागप्रमुख आपल्यातून तीन जण निवडतात. तो त्यांचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. विभागातल्या सहकाऱ्यांची मतं त्यांच्या खिशात जमा होत नाहीत. विकास समितीच्या निवडणुकीत प्रमुखालाही एकच मत.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मत नाही, याची चीड मलाही येते. वर्षानुवर्षं तेच वर्ग सांभाळतात, परीक्षेची कामं करतात आणि यादीत नाव नाही. पण ज्याला मतच नाही, त्याचं मत दुसऱ्याकडून कसं मोजलं जाणार? अधिकारपत्राने त्यांना काही मिळत नाही. रिक्त जागांवर पूर्णवेळ भरती आणि तोवर कलम ९७मध्ये त्यांच्यासाठी एक जागा, ही मागणी संघटनांनी सरकारपुढे मांडायला हवी. रजेवरच्यांची अडचणही खरी आहे. त्यासाठी तारीख महिनाभर आधी जाहीर करा आणि सकाळ-दुपार दोन्ही सत्रांत मतदान ठेवा, एवढं प्राचार्यांकडून लिहून घ्या.