गप्प राहणं कसलं धोरण?

शेवटचा निर्णय होईपर्यंत कंपनीने ग्राहकांना काही सांगू नये, हा लेखातला सल्ला पटला नाही. अ‍ॅपलच्या एअरपॉवर या वायरलेस चार्जिंग पॅडचंच घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन टेनसोबत मोठ्या थाटात दाखवलं: फोन, घड्याळ, एअरपॉड्स एकाच पॅडवर कसेही ठेवा, चार्ज होणार. २०१८ मध्ये येणार म्हणाले. ते वर्ष उलटलं तरी कंपनीच्या तोंडून अवाक्षर नाही. बरं, मार्च २०१९ मध्ये आलेल्या नव्या एअरपॉड्सच्या खोक्यावर त्याच पॅडचं चित्र! लोकांनी पुन्हा आशा लावली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला, शुक्रवारी, 'आमच्या दर्जाला उतरत नाही' म्हणून प्रकल्प रद्द. (खोकी छापणाऱ्यांना तरी कुणी कळवायचं!)

एक मात्र मान्य, आगाऊ पैसे घेतले नव्हते, त्यामुळे परताव्याची भानगड झाली नाही. निकृष्ट माल गळ्यात मारण्यापेक्षा रद्द केलेलं केव्हाही बरं. तक्रार रद्द करण्याबद्दल नाहीच. 'अडचण आहे, तारीख सांगता येत नाही' एवढं २०१८ मध्येच सांगितलं असतं, तर लोक दुसऱ्या कंपनीचा चार्जर घेऊन मोकळे झाले असते.