टेन्शन सोडल्यानं नळी उघडत नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हातावर तिळगूळ पडायच्या आधी "काय गं, गोड बातमी कधी?" हा प्रश्न पडतो. सोलापुरात लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या कुठल्याही सुनेला हे वेगळं सांगायला नको. आता त्याच्या जोडीला एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "मूल होत नाही याचं खरं कारण टेन्शन. डोकं शांत ठेवा, चौदाव्या दिवशी एकत्र या, उष्ण खाणं बंद करा. नवरा धडधाकट असेल तर त्याला तपासायची गरज नाही. चार-पाच वर्षं धीर धरा. तरी नाही झालं तर दत्तक घ्या, मागोमाग स्वतःचं होतं. टेस्ट ट्यूबच्या नादी लागू नका."

पाठवणाऱ्या मावशी-काकूंच्या मनात वाईट काही नसतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य जोडप्याची काही वर्षं खाऊ शकतं, म्हणून एकेक घेऊ.

"खरं कारण टेन्शन"

बंद झालेली गर्भनलिका, न फुटणारं अंडं, शून्यावर आलेले शुक्राणू यांतलं काहीही रोजच्या चिंतेमुळे झालेलं नसतं आणि चिंता सोडल्यानं बरंही होत नाही. २०११ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात १४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. एकूण ३,५८३ स्त्रिया होत्या. उपचाराच्या फेरीआधी कोण किती चिंतेत होती आणि त्या फेरीत कोणाला दिवस राहिले, यांचा संबंध सापडला नाही.

ताणाचा परिणाम होतो तो आडवाटेनं. झोप उडते, मावा-सिगारेट वाढते, नवरा-बायको एकमेकांजवळ यायचे दिवस कमी होतात आणि बरेच जण उपचार अर्धवट सोडतात. अगदी टोकाचा ताण किंवा उपासमारीनं वजन खूप उतरलं तर पाळीही लांबते. हे खरं आहे. पण "तू टेन्शन घेतेस म्हणून होत नाही" असं म्हटलं की आधीच खचलेल्या बाईच्या डोक्यावर दोषही येऊन बसतो. मूल होत नाही म्हणून ताण येतो. मेसेजनं गाडी उलटी जुंपली आहे.

"नवरा धडधाकट असेल तर तपासू नका"

सगळ्या मेसेजमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य हे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणासोबत. दंड, छाती, मिशी आणि संबंधातली ताकद यांवरून शुक्राणूंची संख्या कळत नाही. उलट शरीर कमावण्यासाठी जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर त्याचे शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात, कारण बाहेरून हार्मोन आलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायचा निरोप देतो. इंजेक्शनं सोडल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. डॉक्टरांसमोर ही गोष्ट लपवली तर पुढचा सगळा तपास भलत्याच दिशेला जातो.

वीर्य तपासणी काही शे रुपयांत होते, सुई लागत नाही. तरीही आधी बायकोची सोनोग्राफी, रक्त, नळीचा एक्स-रे, कधी दुर्बीणसुद्धा होते आणि नवऱ्याची डबी सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा, निदान बरोबरीनं तरी.

नमुना देताना चुका ठरलेल्या असतात. आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपात नको. पंधरा दिवस साठवलं म्हणजे रिपोर्ट चांगला येतो ही समजूत चुकीची, जुने शुक्राणू मंदावलेले असतात. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही, आणि साध्या निरोधमध्ये नमुना घ्यायचा नाही, त्याच्यावरच्या रसायनानं शुक्राणू मरतात. पहिला भाग डबीबाहेर सांडला तर तसं स्पष्ट सांगायचं, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. शक्यतो लॅबमध्येच नमुना द्यावा. घरून न्यायचा असेल तर तासाच्या आत पोचवायचा, आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवून नेली तर रिपोर्टमध्ये जे दिसेल ते नवऱ्याचं नसेल, डिकीचं असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलि, एका मिलिमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. "फक्त ४ टक्के नॉर्मल" वाचून बरेच जण हबकतात, पण तेवढे चालतात. आकडे याखाली आले म्हणजे मूल होणारच नाही असंही नसतं. एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून डेंग्यूसारख्या तापातून उठल्यावर केलेला रिपोर्ट वाईट येतो आणि तीन महिन्यांनी केलेला सुधारलेला असू शकतो. मावा, गुटखा, दारू सोडल्याचा फायदाही तेवढ्याच काळानं दिसतो, आठवड्यानं नाही.

"चौदाव्या दिवशी एकत्र या"

अंडं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी फुटतं. एका पाळीपासून दुसरीपर्यंत २८ दिवस असतील तर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून, तो चौदावा दिवस, ३५ दिवसांची असेल तर एकविसावा, २४ ची असेल तर दहावा. अंडं फुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणजे कामाचे दिवस सहा: फुटण्याआधीचे पाच आणि तो एक. अंडं फुटल्यावर दोन दिवसांनी केलेली घाई वाया.

याच चौदाच्या गणितातून दुसरी चूक होते. अंडं फुटलं का हे बघायला "एकविसाव्या दिवशी" प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे अंडं फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची, रक्त तपासणी सांगतात. ३५ दिवसांच्या पाळीत त्या दिवशी अंडं नुकतंच फुटत असतं, आकडा कमी येतो आणि गोळ्या सुरू होतात. ही तपासणी पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी करायची, या पाळीत अठ्ठाविसाव्या दिवशी.

सोपा उपाय असा की पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवायचा, म्हणजे दिवस मोजायचेच नाहीत. सोनोग्राफीवाल्यांनी "आज आणि उद्या" सांगितलं की नेमकं त्याच रात्री पुष्कळ नवऱ्यांना जमत नाही. हुकूम आल्यासारखं वाटतं. त्यात रात्रपाळी करून आलेला माणूस असेल तर बोलायलाच नको. एका तारखेवर सगळा भार नसेल तर हे टळतं. लघवीतून एलएच (अंडं फुटण्याआधी वाढणारं हार्मोन) तपासायची पट्टी वापरायची तर ती गडद आल्यापासून २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं, पण पीसीओडी (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) असेल तर पट्टी खोटी गडद येत राहते. नंतर पाय भिंतीला लावून झोपण्याचा मात्र काही उपयोग नाही, झोप येत असेल तर झोपा.

"उष्ण खाणं बंद करा"

सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो, शेंगा चटणीशिवाय जेवण होत नाही, आणि तरी पाळणे हलतातच. उष्णतेचा प्रश्न ताटातला नाही. अंडकोष शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावेत म्हणून बाहेर असतात. डाइंगच्या वाफेजवळ, बॉयलरपुढे, भट्टीसमोर रोजचे आठ-दहा तास काढणाऱ्याचा रिपोर्ट त्यानं बिघडू शकतो. सैल सुती अंतर्वस्त्र, दर तासाला पाच-दहा मिनिटं बाहेर, कढत पाण्याची आंघोळ बंद, एवढं करता येतं. सब्जा प्या, बरा लागतो. त्याचा शुक्राणूंशी संबंध नाही.

"चार-पाच वर्षं धीर धरा"

यात पहिल्या वर्षापुरतं तथ्य आहे. नियमित संबंध असतील तर शंभरातल्या ८०-८५ जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस राहतात. म्हणून बायको पस्तिशीच्या आत असेल तर १२ महिने वाट पाहावी. पस्तीस ओलांडली असेल तर सहा, चाळिशीला तर लगेच तपासणी. पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल, पाळीत उठवत नसेल इतकं दुखत असेल, पोटाचं ऑपरेशन किंवा पूर्वी टीबी झाला असेल, किंवा नवऱ्याचा अंडकोष लहानपणी उतरला नव्हता, गालगुंडात सुजला होता असं काही असेल तरीही वर्षभर थांबू नये. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे, आणि तो खोकल्याशिवाय, गुपचूप असतो.

नळीचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान होतो. औषध आत जाताना पाळीसारखी कळ येते, म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का ते विचारून ठेवा. भीतीनं स्नायू आवळला तर उघडी नळीही गर्भाशयाजवळ बंद दिसते, तेव्हा एका एक्स-रेवर "दोन्ही बंद" ऐकून कोसळू नका. एएमएच या रक्त तपासणीचा आकडा कमी आला म्हणूनही घाबरू नका. तो अंड्यांचा साठा सांगतो, दर्जा सांगत नाही.

वाट पाहायचीच तर रिकाम्या हातानं नको. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासून सुरू, मधुमेह किंवा फिट्स असतील तर जास्त डोस डॉक्टर ठरवतील. थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. पीसीओडीत वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी अनेकींचं अंडं पुन्हा फुटू लागतं, सत्तर किलोला साडेतीन.

धीर धरायच्या याच वर्षांत पुड्या, भस्मं आणि बाबा येतात. काही भस्मांत शिसं सापडतं, आणि शिसं स्त्री-पुरुष दोघांच्याही प्रजननाला घातक आहे. स्त्रीच्या वंध्यत्वावर औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषध आणि जादूटोणा उपचार कायद्यानं बंद आहे. दैवी शक्तीनं मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. नवस बोला, सिद्धेश्वराला जा, त्याला कोणाची ना नाही. फाईल मात्र सोबत चालू राहू द्या.

"दत्तक घ्या, मागोमाग होतं"

दत्तक घेतल्यामुळे होत नाही. ज्यांना झालं त्यांची गोष्ट गावभर होते, ज्यांना नाही झालं त्यांची कोणी सांगत नाही, एवढंच. आणि दुसऱ्या बाळाला बोलावण्यासाठी आणलेल्या पहिल्या बाळावर हा अन्याय आहे. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला एकोणिसाव्या शतकापासून बालकाश्रम आहे, दत्तक आपल्याला नवं नाही. घ्यायचं तर त्या मुलासाठी घ्या. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवरच होते, लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात, आणि दोन वर्षांच्या आतलं मूल हवं तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. लेकरू कोणाच्या हातून थेट घेऊ नका, तो गुन्हा ठरू शकतो.

"टेस्ट ट्यूबच्या नादी लागू नका"

नादी लागू नका हे कबूल, पण गरज असेल तर टाळूही नका. दोन्ही नळ्या बंद असतील तर आययूआयच्या (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या) सहा फेऱ्या केल्या तरी शुक्राणू अंड्यापर्यंत पोचणार नाही. तिथे आयव्हीएफला, म्हणजे अंडं आणि शुक्राणू बाहेर जुळवून भ्रूण आत सोडण्याच्या टेस्ट ट्यूब उपचाराला, पर्याय क्वचितच असतो. यशाचा हिशोब आधी माहीत हवा: पस्तिशीच्या आत एका फेरीत साधारण तीनांत एक, त्रेचाळिशीनंतर स्वतःच्या अंड्यांवर वीसांत एकाच्या आसपास. "शंभर टक्के गॅरंटी" लिहिलेला बोर्ड दिसला की जिना उतरा. २०२१ च्या कायद्यानुसार अशा उपचार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या आत लागतं. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. कोटेशन घेताना इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं आणि ते दुसऱ्यांदा गर्भाशयात सोडणं धरून आहे का ते लिहून घ्या. पुण्याला जाणार असाल तर सोनोग्राफीच्या फेऱ्यांचे हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट आणि बुडालेली हजेरीही त्यातच धरा.

सर्वांत जड जातात ते फेरीचे शेवटचे, निकालाची वाट पाहायचे दोन आठवडे. प्रोजेस्टेरॉनच्या औषधानं छाती दुखते, मळमळतं, अगदी दिवस गेल्यासारखं वाटतं. अंडं फोडायला एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा अंश दहा-चौदा दिवस अंगात राहतो आणि गर्भ तपासायची घरची पट्टी तेच हार्मोन शोधत असल्यानं तिच्यावर खोटी दुसरी रेघ येते. सांगितलेल्या तारखेआधी पट्टी आणूच नका, ती रेघ फार रडवते.

मग त्या टेन्शनचं करायचं काय? किती फेऱ्या आणि किती रुपये, हे पहिल्या फेरीआधी दोघांनी कागदावर लिहावं, निकालाच्या संध्याकाळी ते ठरत नाही. या विषयावर रोज बोलायचं ते वीस मिनिटं, बाकी घरात दुसरं बोलणं राहू द्यावं. डॉक्टरांकडे दोघांनी जावं, आणि फाईलवर दोघांची नावं असावीत. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त गेलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. कोणाचं बारसं, डोहाळजेवण असेल आणि जाववत नसेल तर आहेर पाठवा, घरी थांबा.

आणि नवऱ्याकडच्या नातेवाइकांना उत्तर नवऱ्यानं द्यायचं. "आई, आमचे दोघांचे उपचार चालू आहेत, काही असलं तर मीच सांगेन, तिला कोणी विचारू नका." हे एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं. आणि ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला तर त्याखालीही त्यानंच लिहावं.