पायरी कामाची की माणसाची?

गेल्या आठवड्यात डिचोलीहून आईचा फोन आला. नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, हे तिने चिडून सांगितलं. बी.कॉम. झालेल्या माझ्या चुलतभावाने शिपायाच्या जागेसाठी अर्ज भरलाय, हे मात्र कौतुकाने. "सरकारी ती सरकारीच रे!"

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद जुनाच: भायले, म्हणजे बाहेरचे, येऊन गोंयकारांची, म्हणजे गोव्याच्या माणसांची, कामं पळवतात. कुठली कामं? गवंड्याची, रंगाऱ्याची, सुताराची. आमच्या घरात ती कुणालाच नको होती.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स केलेला. म्हापशात वायरिंग करायचो. जर्मनीत श्टुटगार्टला आलो आणि कागदावर 'हेल्फर', म्हणजे मदतनीस झालो. इथे हाच धंदा साडेतीन वर्षं शिकतात, थोडा शाळेत, बराचसा साईटवर. राग आला, खोटं कशाला सांगू? पण पहिल्याच आठवड्यात मायस्टरने, म्हणजे आमच्या उस्तादाने, मी जोडलेला डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा स्विचांचा डबा, उघडला. एकेका सर्किटचं इन्सुलेशन मोजायला लावलं आणि प्रत्येक आकडा तक्त्यात लिहून घेतला. म्हापशात दिवा पेटला की आमचं काम संपायचं.

इथल्या सरकारी वर्गीकरणात कामाच्या चार पायऱ्या आहेत, हेल्फरपासून एक्स्पर्टपर्यंत. पायरी त्या कामाची. पीएचडीवाला गोदामात खोकी उचलत असेल तर काम हेल्फरचंच. आणि मायस्टरची पात्रता राष्ट्रीय चौकटीत सहाव्या स्तरावर, बॅचलर पदवीच्या बरोबरीने! आपल्याकडेही किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल असतंच. फक्त आपण तो शब्द उचलून माणसाच्या कपाळावर चिकटवतो.

इथे सगळं गोड आहे असंही नाही. माझ्याच मजल्यावर राहणारी एक शिकलेली नर्स मान्यतेच्या कागदांपायी अजून वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबतेय.

आता पाडेली बघा. पायात दोरीचा फास, कमरेला कोयती. वर पोचल्यावर कुठला घड शहाळ्याचा, कुठला सुक्या नारळाचा, कुठली झावळ हात टाकला तर निसटेल, हे त्याला तिथल्या तिथे ठरवायचं असतं. चुकला तर दुसरी संधी नाही. याला अकुशल म्हणणाऱ्याने एकदा निम्म्या माडापर्यंत तरी चढून दाखवावं.

चुलतभाऊ सध्या अंगणात खुर्ची टाकून परीक्षेचा अभ्यास करतो. सुके नारळ वरच लोंबताहेत, म्हणून आई त्याला दर थोड्या वेळाने खुर्ची सरकवायला सांगते.