पश्चिमाभिमुख देवळाचा सूर्योदय

घरी काकड आरतीला कधी जाग न आलेली माणसं कंबोडियात सिएम रीपला पोचली की पहाटे चारचा गजर लावतात. का, तर अंगकोर वाटचा सूर्योदय! आता हे देऊळ राजा दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलं आणि त्याचं तोंड ठेवलं पश्चिमेला. त्यामुळे सूर्य उगवतो तो देवळाच्या पाठीमागून, आणि आपल्या वाट्याला येते एक काळी आकृती. एवढं विमानभाडं भरून देवळाची पाठराखण करणारा सूर्य बघायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. पण न बघता परत आलात तर नातेवाईक जगू देत नाहीत. तेव्हा जायचंच असेल तर नीट जा.

पहिली अडचण तिकिटाची. एका दिवसाचे 37 डॉलर, तीन दिवसांचे 62 आणि सात दिवसांचे 72. तीन दिवसांचं तिकीट सलग वापरावं लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. तिकीटघर देवळापाशी नाही, गावाच्या कडेला वेगळ्याच रस्त्यावर आहे. ते उघडतं पहाटे पाचला आणि देऊळही पाचलाच. म्हणजे त्या पहाटे तिकीट काढायला गेलात तर तुम्ही रांगेत आणि सूर्योदय बघायची तळ्याकाठची जागा दुसऱ्याला. आदल्या संध्याकाळी पाचनंतर गेलं की उद्याचं तिकीट मिळतं आणि ती संध्याकाळ फुकट पदरात पडते. शिवाय तिकिटावर तुमचा फोटो छापतात. तो पहाटे पाचच्या चेहऱ्याचा असला तर दिवसभर प्रत्येक दारात तोच काढून दाखवायचा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जराशी फाटलेली नोट तिथे कुणी हातात धरत नाही. सुट्टे मात्र तिथल्या चलनात, रिएलमध्ये मिळतात, डॉलरला साधारण चार हजार, आणि खिशात उगाच लखपती झाल्यासारखं वाटतं.

देवळापर्यंत जायचं ते टुकटुकनं, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या उघड्या गाडीतून. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठायला होतं, एखादं जाकीट ठेवा. उतरल्यावर गाडीच्या नंबराचा फोटो काढा. परत येता तेव्हा तश्शाच असंख्य टुकटुक उभ्या असतात, आणि आपला चालक त्यातल्या एकीत झोळी बांधून गाढ झोपलेला असतो.

अंधारात बॅटरी लागते. खंदकावरचा दगडी रस्ता ओलांडून आत गेलं की डाव्या हाताच्या तळ्यावर सगळी गर्दी. तिथून पाचही शिखरं दिसतात, समोरच्या मधल्या वाटेवरून तीनच. सूर्य मधल्या शिखराच्या नेमका डोक्यावर येतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास, तोही मधल्या वाटेवरून पाहिला तर. तिथूनच हिवाळ्यात तो बराच उजवीकडे उगवतो. पावसाळ्यात बहुधा ढग उगवतात. आणि तळ्यातलं प्रतिबिंब बघायचं तर आधी पुढच्या माणसाच्या उंचावलेल्या मोबाइलमध्ये बघावं लागतं.

खरी मजा त्यानंतर. सूर्य वर आला की अर्धी गर्दी नाश्त्याला पळते. आपण पळायचं नाही, आदल्या रात्री हॉटेलात सांगून डबा बांधून घ्यायचा. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढ्यावर भागत नाही. मासळीचा सॉस आणि ऑयस्टर सॉसही नको, हे वेगळं सांगावं लागतं. नाहीतर निव्वळ पालेभाजीतसुद्धा समुद्र भेटतो.

मग रिकाम्या ओवऱ्यांत शिरा आणि उजवीकडे वळा. देऊळ डाव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणजे चक्क उलटी प्रदक्षिणा! आपले पाय आपोआप डावीकडे वळतात, पण भिंतींवरची शिल्पं याच उलट्या क्रमानं लावलेली आहेत. ही अपसव्य दिशा अंत्यविधीची, म्हणून हे राजाचं समाधिमंदिर असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. सुरुवातीलाच कुरुक्षेत्र: डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि शरपंजरी भीष्म. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन, 88 देव आणि 92 असुर. इथे गाइडची गरज आपल्याला सर्वांत कमी. उलट तो सांगत असताना चारचौघांत त्याच्या चुका काढायचा मोह आवरणं अवघड.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, बाकानवर, एका वेळी शंभरच माणसं सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेऊन काम भागेल असं समजू नका, बाह्यांचाच शर्ट घाला. टोपी काढावी लागते. बौद्ध पवित्र दिवशी हा मजला बंद असतो. महिन्यात असे चार दिवस येतात, तेव्हा तारीख आधी बघा. जिना जवळजवळ उभा आहे. मूळ दगडी पायऱ्यांवर लाकडी जिना आणि कठडा बसवलाय म्हणून चढणं जमतं. उतरताना पुढचा माणूस मध्येच थांबून सेल्फी काढतो, तेव्हा कठडा सोडू नका.

आणि देवळाचा दर्शनी भाग उजेडात बघायचा असेल तर दुपारी चारला परत या. तेव्हा ऊन समोरून पडतं, दगड सोनेरी दिसतो, आणि गजर लागत नाही.