बारीक कणाचा धातू बळकट, पण कुठवर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ग्रुपवर एक संदेश आठवड्यात तीनदा आला. वर विमानाच्या इंजिनाचं चित्र, खाली मजकूर: 'धातूतले कण जितके बारीक कराल तितका तो बळकट होतो, याला मर्यादा नाही. नॅनो धातू वाकतो पण तुटत नाही, तापवला तरी ढिला पडत नाही.' इंजिनिअरिंगची मुलंही तो पुढे पाठवताहेत. सयाजीराव महाराजांच्या ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन सुरू झालं, तिथल्या मुलांनी हे न तपासता पाठवावं याचं मला वाईट वाटतं.

पहिला दावा अर्धा खरा आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली उजेडात तिरकी धरा. बर्फाच्या फुलांसारखे जे तुकडे चमकतात, तो एकेक स्फटिककण. त्यांच्यामधली रेघ ती कणसीमा. धातू वाकतो तेव्हा कणाच्या आत डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधला दोष, सरकतं. जड सतरंजी ओढण्याऐवजी तिची सुरकुती ढकलत नेली की ती सरकते, तसंच. सुरकुती कणसीमेपाशी अडते. कण बारीक म्हणजे अडथळे जास्त. कणाचा आकार चौथाई केला की कणसीमांमुळे मिळणारं बळ दुप्पट होतं. हॉल आणि पेच या संशोधकांनी अनुक्रमे १९५१ आणि १९५३ साली हे पोलादावर दाखवलं.

पण 'मर्यादा नाही' हे साफ चूक. साधा हिशोब करा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; नॅनो धातूचे कण याच मापात मोजतात. कण म्हणजे १० नॅनोमीटरचा ठोकळा आणि कणसीमा १ नॅनोमीटर जाड धरा. सीमेचा अर्धा भाग या कणाचा, अर्धा शेजाऱ्याचा. आत ९×९×९, म्हणजे १००० पैकी ७२९ उरतात. २७ टक्के धातू सीमेत गेला. १०० नॅनोमीटरला हाच वाटा जेमतेम ३ टक्के असतो, ५ नॅनोमीटरला जवळजवळ निम्मा. इतक्या लहान कणात डिसलोकेशनला जागाच उरत नाही. मग सीमेवरचे विस्कटलेले अणू हलतात, कणच एकमेकांवरून घसरतात आणि धातू उलट मऊ पडतो. चोक्शी आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली तांबं आणि पॅलेडियममध्ये हा उलटा कल नोंदवला. नमुन्यांतल्या छिद्रांमुळेच तर ते मऊ भासले नाहीत ना, असा वाद झाला, तो रास्तच होता. पण पुढे शिओत्झ आणि याकोब्सेन यांच्या २००३ सालच्या संगणकीय गणितातही तांब्याचं बळ १० ते १५ नॅनोमीटरच्या आसपास कळस गाठून उतरलं.

'वाकतो पण तुटत नाही' हे बहुतेक वेळा उलटं आहे. तांबट पत्रा ठोकतो तसा तो कडक होतो, म्हणून मधेमधे भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. ताणतानाही हे कडक होणंच धातूला वाचवतं: एक जागा बारीक झाली की ती आधी कडक होते आणि ताण शेजारी पसरतो. नॅनोकणांत डिसलोकेशन साठत नाहीत, त्यामुळे तीच जागा बारीक होत जाऊन तुटते. लू के यांच्या गटाने २००४ साली बळकट आणि तरी ताणलं जाणारं तांबं केलं, हे खरं. पण त्याचे कण शेकडो नॅनोमीटरचे होते, बळ कणाच्या आतल्या जुळ्या सीमांमुळे आलं होतं, म्हणजे जिथे अणूंची मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटते त्या सीमांमुळे.

उष्णतेचा दावा तर सर्वांत कच्चा. तापल्यावर अणू कणसीमेच्या वाटेनं धावतात. १९६३ साली कोबल यांनी मांडलेल्या सूत्राप्रमाणे कण निम्मा केला की तापलेल्या धातूचं हळूहळू सैल पडणं आठपट होतं. शिवाय कण स्वतःच वाढतात. शुद्ध नॅनो तांब्यात तर खोलीच्या तापमानालाही. संदेशावर ज्या जेट इंजिनाचं चित्र आहे, तशा इंजिनांत सर्वाधिक तापणारी टर्बाइनची पाती म्हणूनच एकाच स्फटिकाची ओततात. त्या पात्यात कणसीमा ठेवलेलीच नसते.