‘सोडून’ गेलेली नाही, शिकायला गेली आहे

माझी पत्नी गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य या विषयात एक वर्षाचे एम.एस्सी. करत आहे आणि मी आमच्या सात वर्षांच्या मुलीसह ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. सोसायटीत, नातेवाइकांत, शाळेच्या फाटकाबाहेर मला सतत एकच प्रश्न विचारला जातो, ‘एवढ्या लहान मुलीला सोडून कशी गेली?’ त्यामागची काळजी मी समजू शकतो, पण ‘सोडून’ हा शब्द मला मान्य नाही.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाच्या परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलांना डिपेंडंट व्हिसावर नेता येत नाही. ती मुभा पीएच.डी. किंवा संशोधनप्रधान पदवी करणाऱ्यांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनाच उरली आहे. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर कुटुंब नेता येते, परंतु जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही, मग इथले घराचे आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोणी भरायचे? विद्यार्थी म्हणजे बावीस वर्षांचा, पाठीमागे संसार नसलेला तरुण, असेच या नियमांनी धरून चाललेले दिसते.

रोज व्हिडिओ कॉल होतोच की, असे लोक सहज म्हणतात. सुरुवातीला तिचा वर्ग दुपारी चारला सुटे, तेव्हा आपल्याकडे साडेआठ वाजलेले असत आणि लेक गृहपाठाची वही कॅमेऱ्यासमोर धरून बसे. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळे तासाने मागे गेली आणि फोन साडेनऊला येऊ लागला. सकाळी सातची शाळा असलेली मुलगी तोवर वही उघडी ठेवूनच झोपी जाई. शेवटी पत्नीने जेवणाच्या सुट्टीत, तिकडच्या साडेबाराला, फोन करायला सुरुवात केली. आता जेवण बाजूला ठेवून ती पाढे ऐकते.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या, गोपाळराव मागे राहिले. डॉ. आंबेडकर १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा रमाबाईंनी मुंबईत ओढगस्तीत संसार सांभाळला. बाबासाहेब कुटुंबाला ‘सोडून’ गेले असे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग तोच शब्द शिकायला गेलेल्या आईसाठी इतका चटकन का सुचतो?

मला काय विचारायचे ते जरूर विचारा. मुलीला मात्र लिफ्टमध्ये ‘आईची आठवण येत नाही का गं?’ असे विचारू नका. आईची परीक्षा कधी आहे ते विचारा. ती तारीख तिला पाठ आहे.